हरकत न घेणारा गायक

शिरूर तालुक्यातल्या कवठे येमाईचं नाव राज्यभरच्या तमाशा फडांत पोचलं ते शब्दांच्या जोरावर. बशीर मोमीन कवठेकर यांनी या गावात राहून गण, गवळणी, लावण्या, वगनाट्यं लिहिली. हुंड्यावर, व्यसनांवर, निरक्षरतेवरही गाणी लिहिली. राज्य शासनाने २०१८चा विठाबाई नारायणगावकर जीवनगौरव पुरस्कार त्यांना दिला आणि २०२१मध्ये ते गेले. त्यांच्यासारख्या गीतकाराच्या ओळी कागदावरून मांडवापर्यंत जायच्या तर मध्ये माणसं लागत. कुणी चाल बांधायचा, कुणी ढोलकीवर ती तोलून बघायचा, गाणारी ती गळ्यात बसवायची आणि फडमालक ठरवायचा की हे चालेल की नाही.

आज शिरूरच्या घोडनदीकाठी किंवा दौंडच्या रेल्वे वसाहतीत कुणी गीत लिहिलं, तर या माणसांपैकी एकाचीही गरज उरलेली नाही. सुनोसारख्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या यंत्रात ओळी चिकटवायच्या, ‘लोकगीत, बाईचा आवाज, ढोलकी’ एवढं सांगायचं, की मिनिटभरात वाद्यांसकट गाणं हातात येतं. शाळेच्या स्नेहसंमेलनाचं गीत, देवीच्या यात्रेचं गाणं, निवडणुकीचं प्रचारगीत, नातवाच्या बारशाचा पाळणा, सगळं असं होऊ शकतं. पूर्वी यासाठी पुण्याचा स्टुडिओ गाठावा लागे आणि संयोजक, वादक, गायक यांचे पैसे मोजावे लागत. म्हणून कितीतरी चांगल्या वह्या फडताळातच राहिल्या.

हा लाभ खरा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. ज्या बाईला कुठल्या फडाने विचारलं नसतं, तिला आज स्वयंपाकघरात उभं राहून आपलेच शब्द सुरात ऐकता येतात. ते ऐकताना भरून येतं. त्या भरून येण्याची थट्टा करणाऱ्यांशी माझं जमत नाही.

माझी काळजी वेगळी आहे. हे यंत्र कधीच हरकत घेत नाही. गाणारा माणूस मात्र घेतो.

पेशवाईच्या उत्तरार्धात होनाजी शिलारखाने लावण्या रचत आणि बाळा करंजकर गात. लोकांनी दोघांची नावं इतकी जोडली की होनाजी बाळा ही एकच व्यक्ती वाटावी. शब्दाला पहिला वाचक मिळे तो गळ्याचा. गाणारा सांगतो, ही ओळ दोन मात्रांनी लांब आहे. समेवर जोडाक्षर आलं तर माझा आवाज अडकतो. इथे श्वास कुठे घेऊ? दुसऱ्या कडव्यात तू पहिलंच पुन्हा म्हटलंयस. कवी चिडतो, रात्रभर खाडाखोड करतो आणि सकाळी ओळ सुधारलेली असते. ज्यांनी एकदा तरी पेटीवाल्यासमोर आपलं गाणं ठेवलंय, त्यांना ही जाच वाटणारी तालीम किती शिकवते हे माहीत आहे.

यंत्राला ओळ लांब वाटत नाही. ते ती कोंबून बसवतं किंवा ओढून नेतं. पोकळ ओळही ते इतक्या ओथंबलेल्या आवाजात गातं की लिहिणाऱ्याला ती उत्तम वाटू लागते. मी स्वतः या यंत्रात ओळी घालून ऐकल्या आहेत. कच्च्या शब्दांवर चढलेला तो झळाळ फार फसवा असतो. आवडलं नाही तर आपण दुसरी चाल मागतो, मग तिसरी. शब्दाला मात्र हात लावत नाही, कारण दोष शब्दात असेल हे सांगणारं कुणी समोर नसतं.

उच्चारांचं तर विचारूच नका. ळचा ल होतो. ‘चांदणं’ आणि ‘चिमणी’ यांतले दोन वेगळे च एकाच साच्यातून निघतात. मग लिहिणारे यंत्राला कळावं म्हणून शब्द मुद्दाम वेडेवाकडे लिहितात, आणि पुढे पुढे अडणारा शब्दच टाळतात. मराठीने हे एकदा अनुभवलं आहे. मिशनऱ्यांच्या काळात पाश्चात्त्य चालींवर मराठी शब्द ताणून बसवलेली उपासनागीतं चर्चमध्ये गायली जात. दौंड तालुक्यातल्या केडगावला पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन उभं राहिलं त्याच पिढीत रेव्हरंड ना. वा. टिळकांनी अभंग, ओवी आणि कीर्तन यांचा मार्ग धरला. ख्रिस्ती भक्तीला त्यांनी मराठी श्वास दिला. चाल परकी असली की भाषेला आपले खांदे आवळून चालावं लागतं, हे त्यांनी शंभर वर्षांपूर्वी ओळखलं होतं.

इथल्या गाण्याचा श्वास या यंत्रांना ठाऊक नाही, याचं कारण सरळ आहे. नेटवर मुबलक असलेल्या ध्वनिमुद्रणांवर ती शिकली. लावणी मागितली की ती सिनेमातली लावणी देतात. ओवीचंही तेच. संशोधक हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. त्यांत शिरूर तालुक्यातल्या सविंदण्याच्या बायकांचे आवाजही आहेत. त्या ओवीत मधेच ‘गं’, ‘बाई’ अशी भर पडते आणि ओळ दळणाच्या फेऱ्याबरोबर हवी तेवढी लांबते. मोजून आखलेल्या तालाच्या चौकटीत ती मावत नाही. अभंगातलं धृपद परत येतं तेव्हा टाळकरी लय चढवत नेतात. यंत्र मात्र तिथे पडद्यावरच्यासारखा कोरस उसळवतं आणि पुन्हा होतं त्याच लयीवर येतं.

हक्कांचा प्रश्नही गीतकारांनी समजून घ्यायला हवा. जून २०२४मध्ये युनिव्हर्सल, सोनी आणि वॉर्नर या संगीत कंपन्यांनी अमेरिकेत सुनो आणि तशाच यूडिओ या यंत्रावर कॉपीराइटभंगाचे दावे लावले. नेटवर खुली असलेली, बऱ्या दर्जाची जवळजवळ सगळी ध्वनिमुद्रणं प्रशिक्षणाला वापरल्याचं सुनोने न्यायालयात मान्य केलं. पुढे नोव्हेंबर २०२५मध्ये वॉर्नरने सुनोशी तडजोड केली. मोठ्या कंपन्यांना तडजोडीसाठी टेबल मिळतं. ढोलकीचा जो तोडा कुणा फडातल्या कलावंताने घडवला आणि कुणीतरी जत्रेत टिपून नेटवर टाकला, त्या कलावंताला ते मिळणार नाही. आपल्या १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार गीताचे शब्द ही स्वतंत्र साहित्यकृती आहे, आणि २०१२च्या दुरुस्तीने गीतकाराचा रॉयल्टीतला वाटा पक्का केला. संगणकनिर्मित कृतीचा कर्ता कोण, याचं कलम १९९४चं आहे. ती कृती घडवून आणणारी व्यक्ती म्हणजे कर्ता, असं ते म्हणतं. पण ते लिहिलं तेव्हा असं गाणारं यंत्र कुणाच्या डोळ्यांसमोर नव्हतं. सुनोच्या फुकट खात्यावर बनवलेलं गाणं तर धंद्यासाठी वापरताच येत नाही, आणि प्रचारगीतं, जाहिराती करून देणाऱ्या कितीजणांनी ती अट वाचली असेल, देव जाणे. शब्दांची वही तारीख घालून जपा, एवढं तरी प्रत्येकाने करावं.

यंत्राची चाल ही कच्ची चाल मानावी, असं मला वाटतं. ती फोनवर घेऊन गावातल्या भजनी मंडळात जावं. तिथे पहिला प्रश्न येतो पट्टीचा. मग पखवाजवाला म्हणतो की हा ठेका इथे बसत नाही. मग एखादं कडवं गळतं, मुखडा उलटतो, आणि तासाभराने जे उरतं ते मूळ चालीपेक्षा ओबडधोबड असलं तरी चारचौघांना पाठ झालेलं असतं.

शिरूर-दौंडच्या मंडळांनी, शाळांनी गीतलेखनाच्या स्पर्धा जरूर घ्याव्यात. यंत्रावर केलेली गाणीही स्वीकारावीत. अट एवढीच घालावी: अंतिम फेरीत ते गीत पेटी-ढोलकीवर समोरासमोर गायलं जाईल, गाणारा-वाजवणारा तालुक्यातला असेल, आणि त्याचं मानधन बक्षिसाच्या रकमेतून नाही तर वेगळं दिलं जाईल. ज्याच्या हातचं प्रचारगीताचं काम गेलं, त्या पेटीवाल्याला तरी पहिलं बोलावणं जावं.