निरोग्याची गोळी

तंजावूरचे नाव निघाले की आम्हां मराठी माणसांस बृहदीश्वराच्या भिंतीवरील 1803 सालचा भोसले वंशाचा शिलालेख आठवतो, सरस्वती महाल आठवतो. दुसऱ्या सरफोजी राजांनी धन्वंतरी महाल स्थापून औषधे सिद्ध करविली, नेत्ररोग्यांच्या तपशीलवार नोंदी ठेवविल्या, हेही आम्ही अभिमानाने सांगतो. परंतु याच जिल्ह्यातील कुंभकोणम् पिढ्यान् पिढ्या आणखी एका गोष्टीसाठी ओळखले जाई. ती गोष्ट म्हणजे हत्तीरोग. तिच्याविषयी आपण सहसा बोलत नाही.

हा रोग ज्या कृमीमुळे होतो तो मनुष्याच्या लसीकावाहिन्यांत कित्येक वर्षे ठाण मांडून राहतो. त्याची सूक्ष्म पिल्ले रात्रीच्या वेळी रक्तात उतरतात आणि गटाराच्या घाण पाण्यावर वाढणारा डास ती एका घरातून दुसऱ्या घरात नेतो. ज्याच्या रक्तात ही पिल्ले आहेत असा मनुष्य बहुधा धडधाकट दिसतो. पाय सुजतो तो पुष्कळ पुढे. म्हणून रोगी हुडकून औषध देण्यात अर्थ उरत नाही. मद्रासला वैद्यक शिकलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत तयार झालेले आणि 1947 साली हेट्राझान म्हणून पुढे आलेले औषध भारताने 2004 पासून रोगग्रस्त जिल्ह्यांत, तंजावुरातही, वर्षातून एकदा सरसकट वाटण्याचे ठरविले. 2007 साली त्याच्या जोडीला अल्बेंडाझोल आले.

सरफोजी राजांचा वैद्य रोग्यास औषध देई. आजचा सरकारी सेवक निरोग्याच्या दारी जाऊन ‘ही गोळी गिळा’ म्हणतो. ही मागणी मूळचीच विलक्षण आहे. गिळणाऱ्याला कदाचित त्या दिवशी ताप येईल, आणि लाभ मिळेल तो शेजाऱ्याच्या अजून न जन्मलेल्या मुलास. तरीही ती न्याय्य आहे असे आम्ही मानतो, कारण डास कोणाचे रक्त कोठे नेईल हे कोणासच ठाऊक नसते. पण प्रश्न येथे संपत नाही.

‘कृमी औषधाला सरावला’ असे आपण म्हणतो. वस्तुतः कृमी काहीच शिकत नाही. अल्बेंडाझोल कृमीच्या शरीरातील ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटते. त्या प्रथिनाच्या जनुकात 200व्या स्थानी एक अक्षर बदलले, की औषधाची पकड सुटते. असा बदल झालेले कृमी औषधापूर्वीही तुरळक असतात. औषध इतरांना मारते आणि यांना मोकळे रान देते. गोळी ही चाळणी आहे. मेंढ्यांच्या बाबतीत हे फार लवकर दिसले: याच कुळातील थायाबेंडाझोल 1961 साली बाजारात आले आणि 1964 पर्यंत त्याला न जुमानणारे जंत सापडलेही. हत्तीरोगाच्या कृमीत तोच बदल 2005 साली पश्चिम आफ्रिकेतील नमुन्यांत आढळला, आणि कधीच औषध न घेतलेल्यांतही आढळला. पुदुच्चेरीच्या संशोधकांनी 2009 साली भारतीय कृमींत तो शोधण्याची चाचणी प्रसिद्ध केली. माणसातील औषध त्यामुळे निकामी झाल्याचे अद्याप स्पष्टपणे सिद्ध झालेले नाही.

मेंढपाळाचा यावरील उपाय साधा आहे. कळपातील काही मेंढ्यांना तो मुद्दाम औषध देत नाही. त्यांच्या पोटातील भोळे जंत वाढतात आणि प्रतिकारी जंतांची संख्या मर्यादित राहते. कल्पना चतुर आहे, आणि ती माणसांवर लादावी असे आम्हांस क्षणभरही वाटत नाही. ज्या वस्तीला ‘तुम्ही राखीव’ असे सांगायचे ती कोणती? ती आमची नसेल, एवढे निश्चित. शिवाय मेंढपाळाला जंत आयुष्यभर सांभाळून घ्यायचे असतात. आपल्याला हा कृमी संपवायचा आहे. तो पाच-सात वर्षांत संपला तर चाळणी आपोआप थांबते. मोहीम रेंगाळली की तीच चाळणी वर्षानुवर्षे हलत राहते.

ती रेंगाळते कशाने? गावोगाव फिरलेल्या अधिकाऱ्यांस हे सांगायला नको. गोळी दिली आणि गोळी गिळली या दोन क्रियांमध्ये अंतर आहे, आणि नोंदवहीत पहिलीच येते. सेवकाच्या देखत गिळावी असा नियम आहे. पण त्याच्यापुढे कितीतरी घरे असतात, दुपारचे ऊन असते, घरधनी म्हणतो ‘ठेवा, जेवल्यावर घेतो.’ गोळी कोनाड्यात राहते आणि रकान्यात खूण होते. नकार देणाऱ्या गृहस्थाचा आम्हांस फारसा राग येत नाही. त्याचा नकार निदान दिसतो, त्याच्याशी वाद घालता येतो. ती खोटी खूण मात्र वेगळ्या जातीची आहे. उद्या एखाद्या वॉर्डात अनेक फेऱ्यांनंतरही रात्रीच्या रक्तात पिल्ले सापडली, तर प्रयोगशाळेने काय समजावे? जनुक बदलले, की गोळ्या गिळल्याच गेल्या नाहीत? पहिले खरे असेल तर औषध बदलावे लागेल. दुसरे खरे असेल तर तेच औषध नीट द्यावे लागेल. नोंदवही खोटी असेल तर कितीही सूक्ष्म चाचणीला हा निवाडा एकटीने करता येत नाही.

हिवतापाच्या बाबतीत आपण ही किंमत मोजली आहे. क्लोरोक्विनला न जुमानणारा परजीवी भारतात प्रथम 1973 साली आसामात नोंदला गेला. राष्ट्रीय धोरणाने घातक हिवतापासाठी ते औषध सर्वत्र बाजूस सारले ते 2010 साली. मलावी देशाने 1993 सालीच ते सोडले आणि काही वर्षांनी तेथील परजीवी पुन्हा त्याला बळी पडू लागले. पण त्या देशाजवळ तोवर दुसरे औषध होते. हत्तीरोगाला उपयोगी पडणारी औषधे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत, आणि कुंभकोणमच्या गल्लीतला सेवक दर फेरीला त्यांतलीच एक-दोन पिशवीत घेऊन निघतो. संध्याकाळी त्याची वही ज्याच्या मेजावर येते, त्याने रिकामा रकाना पाहून त्याला रागवायचे की नाही, हे त्याने ठरवायचे असते.