पावसाचा खोटा निरोप

रुवी किंवा वादी अदाईच्या एखाद्या दुकानात फ्रीझर उघडलात, तर सुरमईच्या शेजारी गोठवलेला रोहूही दिसेल. (कोकणातले वाचक नाक मुरडतील, विदर्भातले नाही.) हा मासा बहुधा इंजेक्शनच्या जोरावर जन्मलेला असतो. त्यावरून एक प्रश्न तुमच्यापुढे ठेवतो.

तळ्यातल्या रोहूच्या मादीच्या पोटात गाभोळी तयार होते, पण साचलेल्या पाण्यात ती अंडी सोडत नाही. तिला नदीचा पूर लागतो. पूर आलाच नाही, तर अंडी शरीरातच जिरतात. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातल्या अंगुल इथे हिरालाल चौधुरी यांनी यावर तोड काढली. दुसऱ्या माशाच्या मेंदूखालच्या पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचला आणि कार्प माशांनी तळ्यात अंडी दिली. आता बहुतेक ठिकाणी तयार संप्रेरकाची कुपी मिळते. म्हणजे पूर न येताच पूर आल्याचा निरोप.

ही फसवणूक आहे का? असेलही, पण मला त्यात फारसा दोष दिसत नाही. त्याआधी मत्स्यबीज नदीतून जाळ्याने गोळा करत, त्यात नको त्या जातींची पिल्लंही हकनाक मरत.

मला अडतं ते पुढे. पूर ही नुसती खूण नसते. पाणी गवतात, शेतात पसरतं, उथळ पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात आणि पिल्लांचं पहिलं अन्न तेच. अंडी पंधरा-वीस तासांत फुटतात. पिल्लं (मत्स्यजिरे म्हणतात त्यांना) तीनेक दिवस पोटाच्या बलकावर जगतात. मग तोंड उघडतं. समोर काही नसेल तर ती उपाशी मरतात. पुरात खूण आणि अन्न बरोबर येतात. सुईतून फक्त खूण येते.

म्हणून संगोपन तळ्यात आधी शेण घालून सूक्ष्म जीव वाढवलेले नसताना, पाणकिडे काढलेले नसताना सुई टोचणं हा माझ्या मते धंद्यातला नुसता निष्काळजीपणा नाही, तो अन्याय आहे. तुम्ही म्हणाल, नदीत तरी लाखातली किती जगतात? फार थोडी. पण नदीने कुणाला बोलावलेलं नसतं. हॅचरीवाल्याने बोलावलेलं असतं. बोलावणाऱ्याने आल्यावरची सोयही बघायची असते, हे आखातात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको.

तळ्याचं पन्नास लिटर पाणी बारीक जाळीतून गाळून काय उरतं ते बघायला फार वेळ लागत नाही. ते कुपी फोडण्याआधी बघावं.