जुना संगणक आणि परक्यांची अमानत

चंद्रपूर आणि गडचिरोली जिल्ह्यांत ऑनलाइन अर्ज भरून देणारे, टायपिंग व झेरॉक्सचा व्यवसाय करणारे अनेक तरुण आपल्या समाजातही आहेत. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची नियमित मोफत सुरक्षा-अद्यतने थांबली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक प्रोसेसर लागतात. अनेक जुन्या यंत्रांत ते नाहीत. मग चालता संगणक केवळ जुना झाला म्हणून टाकून द्यावा काय? हा प्रश्न बाजाराचा दिसत असला तरी तो दीनचाही आहे.

प्रेषित मुहम्मद (सल्ल.) आपली पादत्राणे स्वतः शिवत आणि कपड्याला ठिगळ लावत, असे हजरत आयशा (रजि.) यांनी सांगितले आहे. दुरुस्त करून वापरण्यात कमीपणा नाही. उधळपट्टी करणाऱ्यांना पवित्र कुरआनने सैतानाचे भाऊ म्हटले आहे (सूरह बनी इस्राईल : २७). शिवाय वस्तूची खरी किंमत आपल्याला डोळ्यांनी दिसते. चंद्रपूरच्या २,९२० मेगावॅटच्या वीज केंद्रासाठी कोळसा जाळला जातो. एटापल्ली तालुक्यात लोहखनिजासाठी सुरजागडचा डोंगर खोदला जातो. प्रत्येक नवे यंत्र अशाच कुठल्यातरी जमिनीच्या पोटातून येते.

परंतु काटकसरीलाही मर्यादा आहे. रहमानचे दास उधळपट्टी करीत नाहीत आणि कंजूषीही करीत नाहीत, असे सूरह फुरकानमध्ये (आयत ६७) सांगितले आहे. सेवा केंद्रातील संगणक मालकाचा असतो. त्यातील कागद मात्र लोकांचे असतात. भामरागड किंवा कोरचीच्या एखाद्या वृद्धाचे आधार कार्ड, बँकेचे पासबुक, निराधार योजनेचा अर्ज, वनहक्काचा दावा, ग्रामसभेचा तेंदूपानांचा हिशेब त्यात असतो. “आमच्याकडे चोरण्यासारखे आहे तरी काय?” असे आपण सहज म्हणतो. आपले काही नसेलही. पण त्या वृद्धाचे महिन्याचे अन्न त्या खात्यावर अवलंबून असते. अमानती ज्यांच्या त्यांना पोहोचवा, ही अल्लाहची आज्ञा आहे (सूरह निसा : ५८). स्वतःचे पैसे वाचवून धोका दुसऱ्यावर ढकलणे ही काटकसर नव्हे, खियानत आहे.

म्हणून निर्णय एकेका भागाचा घ्यावा. कॅबिनेट, मॉनिटर, कीबोर्ड, प्रिंटर चालतात तोवर ठेवावेत. त्यांच्या वयाने कोणाचे नुकसान होत नाही. रॅम वाढवून आणि हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी बसवून यंत्राचा वेग वाढतो. पण वेग म्हणजे सुरक्षितता नव्हे. अद्यतने बंद झालेली प्रणाली तशीच ठेवून त्यावर लोकांची कागदपत्रे हाताळू नयेत. काम भागत असेल तर लिनक्ससारखी मोफत प्रणाली बसवावी. तिची अद्यतने चालू असतात आणि मराठी टंकलेखनही होते. एखाद्या पोर्टलला ती चालत नसेल तर त्या कामापुरते नवे यंत्र घेणे हा इस्राफ नाही, ती गरज आहे. घरी मुलांच्या अभ्यासासाठी मात्र जुनेच यंत्र पुरेसे ठरू शकते.

जे भाग काढले, त्यांचीही जबाबदारी आपलीच. नुसती फाइल डिलीट केल्याने माहिती नष्ट होत नाही; हार्ड डिस्क देण्यापूर्वी ती पूर्ण पुसून घ्यावी. मक्तबला संगणक भेट द्यायचा तर चालणारा द्यावा. जे आपण स्वतः डोळे मिटल्याशिवाय स्वीकारणार नाही, ते दान म्हणून देण्यास सूरह बकरामध्ये (आयत २६७) मनाई आहे. विकायचा तर दोष सांगून विकावा. अगदी निरुपयोगी भाग नोंदणीकृत पुनर्चक्रण केंद्राकडे द्यावेत. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांचीही हीच दिशा आहे. तांब्यासाठी तारा जाळल्या की त्याचा धूर शेजाऱ्याच्या लेकरांच्या छातीत जातो, आणि शेजाऱ्याचा हक्क आपल्या दीनने फार मोठा मानला आहे.

संपत्ती कोठून मिळवली आणि कशावर खर्च केली, याचा जाब प्रत्येकाला द्यावयाचा आहे. अल्लाह आपल्याला उधळपट्टीपासून वाचवो आणि लोकांची अमानत सांभाळण्याची तौफीक देवो. आमीन.