पुरावा मागणारा वाचक

मराठी घरात पुस्तकांच्या जागा ठरलेल्या असत. 'स्वामी', 'श्रीमान योगी', 'छावा' दिवाणखान्यातल्या काचेच्या कपाटात, तर बाबुराव अर्नाळकर आणि गुरुनाथ नाईक उशीखाली. पहिली पुस्तकं आहेरात दिली जात. दुसरी लायब्ररीतून आणायची, रात्रीत संपवायची आणि सकाळी परत करायची. मी दोन्ही प्रकार आयुष्यभर आवडीने वाचत आलो आहे, आणि ही विभागणी आपल्याला महागात पडली असं माझं ठाम मत आहे. रहस्यकथेला आपण साहित्यच मानलं नाही, त्यामुळे तिच्याकडून नीट रचलेल्या कोड्याची अपेक्षा कधी केली नाही. ऐतिहासिक कादंबरीला मात्र थेट इतिहासच मानून बसलो आणि तिला पुरावा विचारायचं राहून गेलं.

आधी अर्नाळकरांविषयी. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाने ज्या घरांत कधी पुस्तक आलं नव्हतं तिथे पुस्तक नेलं. हे ऋण मोठं आहे आणि आपल्या समीक्षेने ते फार कंजूषपणे मान्य केलं. तरीही मनातलं सांगायचं तर, झुंजार किंवा काळा पहाड गुन्हेगारापर्यंत पोचतात ते हिमतीच्या, वेषांतराच्या आणि ऐन वेळी हजर होण्याच्या जोरावर. वाचकापुढे सगळे धागेदोरे मांडून 'आता तूच ओळख' असं आव्हान तिथे क्वचितच मिळतं. सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासच्या कथा मला त्यामानाने जास्त आवडतात, कारण कोर्ट म्हटलं की साक्षीपुरावा आला. धारप आणि मतकरी यांची वाट वेगळी. त्यांचा प्रांत भीतीचा, आणि त्यात ते पक्के उस्ताद.

खरी रहस्यकथा म्हणजे लेखक आणि वाचक यांच्यातला करार. अगाथा ख्रिस्तीच्या 1926 सालच्या 'द मर्डर ऑफ रॉजर अॅक्रॉइड'चा शेवट वाचून फसवणूक झाल्याची ओरड अनेकांनी केली. पण शेवट कळल्यावर ती कादंबरी पुन्हा पहिल्यापासून वाचा. प्रत्येक वाक्य खरं निघतं. लेखिकेने काहीही लपवलेलं नसतं, आपणच नीट पाहिलेलं नसतं. असा वाचक घडवणं हे या वाङ्मयप्रकाराचं मोठं काम आहे. बंगालीत शरदिंदु बंद्योपाध्याय यांनी 1932 साली ब्योमकेश बक्षी उभा केला, आणि त्याच हाताने उत्तम ऐतिहासिक कादंबऱ्याही लिहिल्या. आपल्याकडे असा लेखक झाला नाही याची मला मनापासून खंत वाटते.

ऐतिहासिक कादंबरीवर माझं प्रेम आहे. सोळाव्या वर्षी पेशवा झालेला आणि सत्ताविसाव्या वर्षी थेऊरला क्षयाने गेलेला माधवराव माझ्या पिढीच्या डोळ्यांसमोर उभा आहे तो रणजित देसाईंच्या 'स्वामी'मुळेच. विश्वास पाटलांच्या 'पानिपत'ला तर मी मराठीतली सर्वांत चांगली थरारकादंबरी म्हणेन. 14 जानेवारी 1761 ला काय झालं हे शाळकरी मुलालाही ठाऊक असतं, तरी पुस्तक खाली ठेववत नाही. लढाईआधीचे ते अडीच महिने, फौजेबरोबर अडकलेली बायकामुलं आणि यात्रेकरू, गोविंदपंत बुंदेले मारले गेल्यावर तुटलेली रसद, जनावरांना नसलेली वैरण. पान उलटताना आपल्याही घशाला कोरड पडते.

अडचण पुस्तक मिटल्यावर सुरू होते. माधवराव आणि रमाबाई यांच्यातले हळवे संवाद देसाईंनी रचले आहेत, आणि कादंबरीकाराला तो पूर्ण अधिकार आहे. पण ते संवाद वाचक इतिहास म्हणून सांगू लागतो, भाषणात वापरतो, आणि कुणी शंका घेतली तर चिडतो.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाचंच घ्या. 30 ऑगस्ट 1773, शनिवारवाडा, गणेशोत्सवाचे दिवस. अठरा वर्षांचा पेशवा जीव वाचवायला चुलत्याकडे, राघोबादादांकडे धावला आणि गारद्यांनी त्याला तिथेच मारलं. पुढची गोष्ट घराघरांत माहीत आहे. दादांनी 'धरावे' असा हुकूम लिहिला आणि आनंदीबाईंनी 'ध'चा 'मा' केला. नाटकांनी, कादंबऱ्यांनी, शाळेतल्या गोष्टींनी हे इतकं घोळवलं की ते म्हणीसारखं झालं.

आता रहस्यकथेचा मुरलेला वाचक इथे बसवा. तो काय विचारेल? तो कागद कुठे आहे? तो पाहिला कुणी? खाडाखोड बाईंच्या हातची हे ठरवलं कुणी आणि कशावरून? असा मूळ कागद आज कुणाला दाखवता येत नाही. त्याचा पुढचा प्रश्न याहून महत्त्वाचा असेल: या गोष्टीचा फायदा कुणाला? ही गोष्ट खरी धरली तर राघोबादादांनी फक्त पुतण्याला पकडायला सांगितलं होतं आणि रक्ताचा डाग बायकोच्या पदराला लागतो. प्रत्यक्षात खुनानंतर पेशवेपद दादांकडे आलं, आणि चौकशी करणाऱ्या रामशास्त्री प्रभुण्यांनी दोषी ठरवलं ते दादांनाच. आनंदीबाई निर्दोष होत्या असा माझा दावा नाही. पण न्यायाधीशाचा निकाल समोर असताना अडीचशे वर्षं आपण एका अक्षराच्या गोष्टीवर विसंबलो, हे वाचक म्हणून मला बोचतं.

जोसेफिन टे या लेखिकेने नेमका हाच प्रयोग 1951 साली 'द डॉटर ऑफ टाइम'मध्ये केला. पाय मोडून इस्पितळात पडलेला पोलीस अधिकारी ग्रँट एका चित्रातला चेहरा पाहतो आणि पुतण्यांचा खुनी म्हणून बदनाम झालेल्या इंग्लंडच्या तिसऱ्या रिचर्ड राजाची फाइल मनातल्या मनात पुन्हा उघडतो. सर्वांत मोठा साक्षीदार म्हणून ज्याचा दाखला दिला जातो तो थॉमस मोर रिचर्ड गादीवर आला तेव्हा पाच वर्षांचा होता, हे ग्रँटच्या ध्यानात येतं. म्हणजे सगळी साक्ष ऐकीव! तो क्षण कुठल्याही पाठलागापेक्षा थरारक आहे. टेबाईंचा निष्कर्ष बरेच इतिहासकार मानत नाहीत, आणि टेबाईंनीही आपल्या बाजूचेच पुरावे पुढे केले हे खरं. 2012 मध्ये लेस्टरच्या एका वाहनतळाखाली रिचर्डचा सांगाडा सापडला. पाठीचा कणा खरोखरच वाकलेला निघाला, वाळलेल्या हाताची कथा मात्र खोटी ठरली. दोन्ही पक्षांना हाडांनी उत्तर दिलं.

आपल्याकडे असं काम झालंच नाही, असं नाही. वा. सी. बेंद्रे यांनी कागदपत्रं तपासून 1960 साली संभाजी महाराजांचं चरित्र लिहिलं आणि नाटकांनी रंगवलेली बदफैली राजपुत्राची प्रतिमा मोडून काढली. 'छावा' आली 1979 मध्ये. आज कादंबरीचं नाव सगळ्यांच्या तोंडी आहे आणि बेंद्रे किती जणांनी वाचलेत? 2025 साली त्या कादंबरीवर चित्रपट आला, तेव्हा फितुरीच्या चित्रणावर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आक्षेप घेतला आणि दिग्दर्शकांना दिलगिरी व्यक्त करावी लागली. संगमेश्वरी संभाजी महाराज पकडले गेले तेव्हा नेमकं काय घडलं याची चर्चा त्या निमित्ताने कागदपत्रांच्या आधारे व्हायला हवी होती. ती झाली नाही.

'श्रीमान योगी'ला नरहर कुरुंदकरांचं दीर्घ पत्र प्रस्तावना म्हणून जोडलेलं आहे. शिवाजी महाराजांविषयी काय ठरवता येतं, कशावरून ठरवता येतं, हे कुरुंदकर तिथे एका तपासनिसाच्या शिस्तीने विचारतात. मला ती प्रस्तावना कादंबरीतल्या कित्येक प्रकरणांपेक्षा जास्त खिळवून ठेवते. देसाईंनी ती आपल्याच पुस्तकाच्या आरंभी छापू दिली, यात त्यांचाही मोठेपणा आहे.

हा पायंडा पुढे चालायला हवा होता. प्रकाशकांना माझं एवढंच सांगणं आहे: प्रत्येक ऐतिहासिक कादंबरीच्या शेवटी लेखकाकडून चार पानं मागून घ्या. कुठली पात्रं कल्पित, कुठला प्रसंग बखरीतला, कुठला पत्रातला, हे त्यांनी तिथे सांगावं. आणि वाचकांनी येत्या सुट्टीत 'पानिपत' पुन्हा हातात घेतली, तर शेजारी त्र्यं. शं. शेजवलकरांचं 'पानिपत : 1761' उघडून ठेवावं.