पाहुण्याचा धूर

यजमानाने कसे वागावे याविषयी आपल्याकडे उपदेश फार. पाहुण्याने कसे वागावे याविषयी मात्र फारसे कोणी बोलत नाही. अतिथीला देव म्हटले की आपण मोकळे झालो. पण या देवाने दुसऱ्याच्या घरी गेल्यावर चपला कोठे काढाव्यात, याचा विचार देवावरच सोपवला. 'देश तसा वेश' ही एक म्हण काय ती पाहुण्याच्या वाट्याला आली, आणि तीही वेशापाशीच थांबली. वेश अंगावर चढवता येतो, उतरवता येतो. पण आपल्या श्वासाबरोबर जे बाहेर पडते आणि शेजारच्याच्या श्वासात शिरते, त्याचे काय करावे?

हा प्रश्न मला पडला तो एका चिमुकल्या वस्तूमुळे. तिला ई-सिगारेट म्हणतात. तरुण मंडळी नुसते 'व्हेप' म्हणतात. २००३ च्या सुमारास होन लिक नावाच्या एका चिनी औषधशास्त्रज्ञाने ती आजच्या रूपात आणली. मुठीत मावेल अशी नळी, आत लहानशी बॅटरी आणि तारेचे वेटोळे, आणि निकोटिन, ग्लिसरिन व कसला तरी सुवासिक अर्क यांचे मिश्रण. ओढले की तार तापते आणि त्या द्रवाचा पांढरा ढग तोंडातून बाहेर पडतो. यात तंबाखू जळत नाही, तेव्हा हा धूर नव्हेच, असे तिचे चाहते सांगतात. शास्त्र म्हणून ते बरोबर असेल. पण शेजारच्या माणसाच्या नाकाला व्याख्या कळत नाहीत.

आता या नळीचे नशीब पाहा. संयुक्त अरब अमिरातींत २०१९ च्या एप्रिलपासून तिची विक्री कायदेशीर झाली. त्याच वर्षी सप्टेंबरात आपल्या सरकारने वटहुकूम काढून तिच्यावर बंदी घातली आणि डिसेंबरात त्याचा कायदा झाला. आयात, विक्री, साठा, जाहिरात, सगळेच गुन्हा. विकणाऱ्याला वा आणणाऱ्याला पहिल्या खेपेस एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मालदीव बेटांनी २०२४ च्या डिसेंबरात नुसत्या विक्रीवरच नव्हे, तर ती बाळगण्यावर आणि ओढण्यावरही बंदी घातली, आणि ती पाहुण्यांनाही लागू केली. म्हणजे एक मुसलमान देश तिला दुकानात मांडू देतो, दुसरा तिला खिशातही राहू देत नाही, आणि आपला निधर्मी देश या दुसऱ्याच्या जवळ जाऊन बसतो. तेव्हा 'मुसलमानी मुलखात काय चालते?' हा प्रश्नच मुळात चुकीचा आहे. विचारायचे ते कोणत्या मुलखात, कोणत्या महिन्यात, दिवसाच्या कोणत्या प्रहरी, आणि कोणाच्या समोर, असे.

इतिहासही हेच सांगतो. १६०४ च्या सुमारास असद बेग नावाचा सरदार विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित नळी घेऊन अकबराच्या दरबारी गेला. हकीम नको म्हणत असतानाही बादशहाने दोन झुरके घेतले. पुढे १६१७ मध्ये त्याच अकबराच्या मुलाने, जहांगिराने, तंबाखूला मनाई केली. बापाने चाखले ते मुलाने वर्ज्य केले. धर्म मात्र दोघांचा एकच.

तर हा भाग कायद्याचा झाला, आणि तो सोपा आहे. जिथे जायचे तिथला नियम आधी विचारून घ्यावा आणि निमूटपणे पाळावा. दुबईत कोठेही ओढता येते असे नाही. बंद सार्वजनिक जागांत सिगारेटीला जे नियम तेच हिला, आणि मोटारीत बारा वर्षांखालील मूल असेल तर ओढायला मनाई. यात वाद घालण्यासारखे काही नाही. खरा वाद सुरू होतो तो कायदा संपतो तिथून.

मार्च २०२४ च्या अखेरीस मी आणि माझा भाचा दुबईला माझ्या मुलीकडे गेलो होतो. रमजान चालू होता. एके दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास देऱ्याहून आम्ही टॅक्सीने परत निघालो. भाच्याने तिथेच, रीतसर दुकानातून, ही नळी विकत घेतली होती आणि ती तो हातात नुसती फिरवत बसला होता. उतरल्यावर रस्त्यावर ओढावी की नाही, यावर आमची मराठीत चर्चा जुंपली.

"मामा, मी रोजा धरलेला नाही. माझा त्या धर्मावर विश्वासही नाही. मग माझ्यावर त्यांचा उपास का? आणि लपून ओढायचे म्हणजे ढोंगच नाही का?"

प्रश्न पोरकट नव्हता. मी उत्तराची जुळवाजुळव करतो आहे, तोच टॅक्सीवाल्याने आरशातून पाहिले आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "भाऊ, गाडीत नको, दंड बसेल. उतरल्यावर तुमची मर्जी." तो दापोलीकडचा निघाला, बारा वर्षे तिथे टॅक्सी चालवत होता. मग जरा हसून म्हणाला, "काका, मी स्वतः रोज एक पाकीट ओढणारा माणूस. रोज्याचा शेवटचा तास असतो ना, तो भुकेचा नसतो, तहानेचाही नसतो. तो सिगारेटीचा असतो."

भाचा गप्प झाला. मीही झालो, कारण मी जुळवत असलेले उत्तर त्या एका वाक्याने निरुपयोगी केले होते. मी 'दुसऱ्यांच्या श्रद्धेचा मान राखावा' असे काहीतरी सांगणार होतो. हे वाक्य आपण सर्वच बोलतो आणि त्यात फारसा जीव नसतो. ज्या श्रद्धेवर माझी श्रद्धा नाही तिचा मान मी नेमका कशाने राखायचा? तोंडदेखला राखला तर भाचा म्हणतो तेच खरे, ते ढोंग ठरेल. पण आरशात दिसणारे ते दोन डोळे श्रद्धेचे नव्हते, एका दमलेल्या माणसाचे होते. पहाटेपासून सुमारे बारा तास पाण्याचा थेंब न घेता तो गाडी हाकत होता, आणि त्याच्याशी झुंजत होती ती आमच्याच भाच्याला ठाऊक असलेली तलफ. मान राखायचा तो या झुंजीचा. देवाविषयी आमचे एकमत होण्याची गरज नाही. तलफेविषयी आमचे एकमत आहेच.

मला वाटते, सगळ्या शिष्टाचाराची मेख येथे आहे. आपण दुसऱ्याच्या मताला नमस्कार करीत नाही, त्याच्या कष्टाला करतो. वारीच्या वाटेवर उभा राहून पाणी देणारा प्रत्येक माणूस विठ्ठलाचा भक्त असतो असे थोडेच आहे? पण चालणाऱ्याच्या पायांचे फोड त्याला दिसतात, आणि तेवढे त्याला पुरते.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो जबर आहे. ज्याने उपास धरला त्याने मोह सोसायचा. मोहच समोर आला नाही तर उपासाची किंमत काय? उपास करणारे पुष्कळ लोक स्वतःच म्हणतात, 'आमची काळजी करू नका, खुशाल खा.' आमच्या टॅक्सीवाल्यानेही 'तुमची मर्जी' म्हटलेच होते. शिवाय इस्लामने प्रवाशाला, आजाऱ्याला, गरोदर बाईला रोज्यातून सवलत दिलेली आहे; राहिलेले रोजे पुढे सवडीने पुरे करता येतात. जो धर्म आपल्या स्वतःच्या प्रवाशालाही सूट देतो, तो परक्या प्रवाशाला अडवील कशाला?

आक्षेप खरा आहे. पण त्यातून निघणारा निष्कर्ष खरा नाही. 'खुशाल खा' हा यजमानाचा मोठेपणा आहे. मोठेपणा द्यायचा असतो, मागायचा नसतो. गृहीत तर मुळीच धरायचा नसतो. पंगतीत यजमान 'अजून घ्या' म्हणतो, म्हणून पातेले आपल्या पुढ्यात ओढून घेणाऱ्याला आपण काय म्हणतो? आणि मोहाशी झुंजणे ज्याचे त्याने निवडलेले असले, तरी त्या झुंजीत समोरच्या बाजूने उतरायचे की नाही, हे मात्र आपण निवडतो.

आता ढोंगाचे. आडोशाला जाऊन ओढणे हे ढोंग आहे का? मी रोजा धरला आहे असे दाखवले तर ते ढोंग. न दाखवणे आणि खोटे दाखवणे यांत फार अंतर आहे. ज्या घरात नुकतेच कोणी वारले आहे तेथे आपण मोठ्याने हसत नाही. आपण रडत असतो असे नाही. रडण्याचे सोंगही करीत नाही. फक्त आपले हसू घरी ठेवून जातो. त्याला कोणी खोटेपणा म्हणत नाही.

परंतु हा सभ्यपणा ताणायचा किती? कारण सभ्यपणाच्या नावाखाली सक्तीही पुष्कळदा दारातून आत येते. दुबईत पूर्वी रमजानात दिवसा चालू राहणाऱ्या उपाहारगृहांना पडदे लावून खाणारे झाकावे लागत. २०२१ मध्ये ही सक्ती उठली. मला ही गोष्ट फार बोलकी वाटते. पडदा सरकारने लावला होता तोवर आत बसून खाणाऱ्याला कसलाच विचार करावा लागत नव्हता. विचार त्याच्या वतीने कापडाने केला होता. कापड निघाले आणि प्रश्न त्या खाणाऱ्याच्या हाती आला. सक्तीने झाकलेला घास आणि आपण होऊन झाकलेला घास बाहेरून सारखेच दिसतात. पण पहिल्यात नुसती शिस्त आहे, दुसऱ्यात माणूस आहे. म्हणूनच, पडदे निघाले तेव्हा शिष्टाचार संपला असे ज्यांना वाटले त्यांनी उलट पाहिले. शिष्टाचार त्या दिवशी सुरू झाला.

आणि मर्यादाही येथेच सापडते. आजाऱ्याने पाणी प्यावे, लेकराने खावे, पाहुण्याने आपल्या खोलीत, जेथे मुभा असेल तेथे, आपले व्यसन आपल्यापाशी भोगावे. त्याबद्दल त्याला कोणी जाब विचारू नये. दुसऱ्याच्या कष्टाला मान देणे म्हणजे त्याचे कष्ट स्वतःवर ओढवून घेणे नव्हे. त्याच्या वाटेत उभे न राहणे, एवढेच. बुर्ज खलिफा या उंच इमारतीत वरच्या मजल्यांवर सूर्य थोडा उशिरा मावळतो. म्हणून २०११ मध्ये तिथल्या धर्मशास्त्र्यांनी ऐंशीव्या मजल्याच्या वर राहणाऱ्यांनी दोन मिनिटे, आणि दीडशेव्याच्या वरच्यांनी तीन मिनिटे उशिरा रोजा सोडावा असे सांगितले. एकाच इमारतीत, एकाच धर्माच्या माणसांचा सूर्यास्त वेगवेगळा! मग माझा आणि त्या टॅक्सीवाल्याचा वेगळा असला तर बिघडले कोठे? वरच्या मजल्यावरच्याने खालच्याला थांबवू नये, आणि खालच्याने वरच्यासमोर घास नाचवू नये, म्हणजे झाले.

भाच्याने त्या दिवशी काय केले, हे सांगण्यासारखे विशेष नाही. नळी खिशातच राहिली. आणि मुंबईला परतताना, आपल्याकडचा कायदा ध्यानात घेऊन, ती त्याने तिकडेच सोडली.

मात्र दुबईची गोष्ट दुबईतच सोडून भागत नाही. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दारात पणत्या असतील, फराळाची ताटे फिरत असतील, आणि अंगणात फटाक्यांचा धूर दाटलेला असेल. तो धूर आपला आहे, सणाचा आहे, आणि आपण कोणाच्या घरी पाहुणे नाही. आपण यजमान आहोत. पण वरच्या मजल्यावर दम्याने उठून बसलेल्या आजोबांच्या खिडकीपाशी तो पोचतो, तेव्हा तो आपली ओळख सांगत नाही. त्या खिडकीपुरते आपण पाहुणेच असतो, आणि तेही न बोलावलेले. तुम्ही विचारलेत, तर आजोबाही 'उडवू दे रे पोरांना' असेच म्हणतील. यजमानाचा तो मोठेपणा. तो गृहीत धरायचा की नाही, एवढाच प्रश्न यंदाच्या दिवाळीत तुमच्या-माझ्यापाशी उरतो.