शिखर, जहाज आणि परतीची वेळ

पर्यटकांचे मोठे जहाज सकाळी एखाद्या बंदराला लागते आणि संध्याकाळी निघून जाते. मधल्या आठ-दहा तासांत प्रवाशांनी गाव पाहायचे, थोडी खरेदी करायची आणि वेळेत परतायचे, असा रिवाज आहे. बंदरापासून गाठता येईल असा डोंगर असला की काहींच्या मनात वेगळेच येते. एवढ्या दूर आलोच आहोत, तर शिखरावर जाऊन येऊ या. मग गाड्यांच्या वेळा काढल्या जातात, अंतरे मोजली जातात. वरवर पाहता हा हौसेचा आणि हिशेबाचा मामला आहे. आम्हांला मात्र तो नीतीचाही प्रश्न वाटतो. जे तास पूर्णपणे आपले नाहीत, ते आपल्या हौसेवर किती खर्च करावेत? आणि उशीर झाला तर त्याची किंमत कोणी मोजायची?

आम्ही उल्हासनगर-अंबरनाथ भागात उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवणारी माणसे. जहाजाची सफर आमच्या पगारात बसणारी नाही. तरीही हा प्रश्न एकदा आमच्या शिक्षकांच्या खोलीत आला. आमच्या एका सहकाऱ्यांच्या खाला परदेशात स्थायिक आहेत. मुलगा, सून आणि नातवंडांसह त्या ज्या जहाजाने निघाल्या होत्या, ते एक दिवस मुंबईला थांबणार होते. मुलाची इच्छा अशी की त्या एका दिवसात सर्वांनी माथेरान गाठावे, पॅनोरमा पॉइंटवर उभे राहावे आणि परत यावे. नियोजन आमच्याकडे आले. शिक्षकाला नियोजनाची सवय असते. बी.एड.ला पाठ टाचण लिहून लिहून हात दुखलेले असतात आणि पस्तीस मिनिटांच्या तासिकेत काय बसते, काय बसत नाही, हे अंगवळणी पडलेले असते.

हिशेब असा झाला. जहाज आठला लागणार, सोपस्कार उरकून माणसे नऊला बाहेर. बॅलार्ड पिअरहून छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस गाठून साडेनऊची लोकल. कल्याण, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर, वांगणी मागे टाकत नेरळला पोहोचायला दोन तासांच्या आसपास. तिथून मिनी ट्रेनने जायचे म्हटले तर वर पोहोचायलाच दोन तासांहून अधिक. म्हणून टॅक्सीने दस्तुरी नाक्यापर्यंत. पुढे मोटारींना बंदी, पायीच चालायचे. बारा वाजलेले. संध्याकाळी सहाला जहाज सुटणार, म्हणजे पाचला सर्वजण जहाजावर हवेत. वाटेतल्या अडथळ्यासाठी एक तास राखून ठेवला, तर एकच्या सुमारास दस्तुरी सोडणे भाग. डोंगरावर उरला जेमतेम एक तास. त्यात पॅनोरमा पॉइंटला जाऊन येणे बसत नाही.

यावर एक तरुण सहकारी म्हणाले, "तो राखीव तास काढून टाका, सर. दोन तास होतील. भरभर चालले तर जमेल."

खरी मेख या राखीव तासातच आहे. कागदावर तो रिकामा दिसतो, म्हणून सगळ्यांची नजर आधी त्याच्यावर जाते. पण आमच्या भागातल्या माणसाला त्याची किंमत सांगावी लागत नाही. २७ जुलै २०१९ रोजी महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान पुराच्या पाण्यात अडकली. सुमारे १,०५० प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. २६ जुलै २००५ च्या पावसाने नेरळ-माथेरानचा लोहमार्ग असा उखडला की तो पुन्हा सुरू व्हायला २००७ साल उजाडले. असे दिवस रोज येत नाहीत, हे खरे. पण सिग्नल बिघडायला, ओव्हरहेड वायर तुटायला पुरच यावा लागतो असे नाही.

त्यात जहाजाचा कायदा असा की, कंपनीने स्वतः काढलेल्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा तिची वाट पाहते. जो स्वतःच्या हिमतीवर फिरायला गेला, त्याच्यासाठी मात्र थांबत नाही. त्याने पुढचे बंदर आपल्या खर्चाने गाठायचे. म्हणजे धोका एकट्या चालणाऱ्याचा. पण तो खरोखरच एकट्याचा असतो का? मुलगा चालायला तयार होता. नातवंडांना चालवेल का, सत्तरीच्या खालांनी कोणत्या झाडाखाली बसून राहायचे, हे त्या योजनेत कुठेच लिहिलेले नव्हते.

डोंगर आणि जहाज यांची एक जुनी हकिकत या ठिकाणी आठवते. इब्न बतूता १३४४ मध्ये मालदीवहून कोरोमंडल किनाऱ्याकडे निघाला होता. वाऱ्याने त्याचे जहाज सरनदीपला, म्हणजे आजच्या श्रीलंकेला, पुत्तलमजवळ नेले. तिथल्या राजाने काय हवे ते माग म्हटल्यावर त्याने आदमच्या पदचिन्हाचे दर्शन मागितले. ज्या २,२४३ मीटर उंचीच्या शिखरावर ते चिन्ह आहे, त्याला बौद्ध, हिंदू, मुसलमान आणि ख्रिस्ती आपापल्या श्रद्धेने मानतात. राजाने पालखी दिली, वाट माहीत असलेले चार जोगी, तीन ब्राह्मण, दहा दरबारी आणि सामान वाहणारे पंधरा गडी दिले. आणि जहाजाचा नाखुदा, ज्याला आपल्या कोकणात नाखवा म्हणतात, त्याने सांगून टाकले की वर्ष लागले तरी तुम्ही येईपर्यंत मी नांगर उचलणार नाही. इब्न बतूता शिखर पाहून परतला तेव्हा जहाज खरोखरच उभे होते.

लोक ही हकिकत मुसाफिराच्या धाडसाची म्हणून सांगतात. आम्हांला ती त्या नाखुदाचीही वाटते. त्याने वाट पाहिली म्हणून दुसऱ्याला शिखर मिळाले. आणि मुख्य म्हणजे, त्याला विचारले गेले होते, त्याने होकार दिला होता. माथेरानचेही तसेच आहे. सर आदमजी पीरभॉय यांच्या पैशाने आणि त्यांचे चिरंजीव अब्दुल हुसैन यांच्या खटपटीने १९०४ ते १९०७ या काळात नेरळची छोटी रेल्वे डोंगरावर चढली. सोळा लाख रुपये खर्च आला. आज कोणीही तिकीट काढून वर जातो, त्यामागे ज्यांनी कडे फोडले आणि रूळ टाकले, त्यांचे तास आहेत. आपल्या बळावर शिखर गाठले, असे म्हणणाऱ्याने खाली पाहून एकदा मोजावे, आपल्यासाठी कोण कोण राबले आणि कोण थांबून राहिले.

या विचाराने आम्ही सहकाऱ्यांना म्हटले, "मुलाचे राहू द्या. खालांना काय हवे ते विचारले का?" कोणी विचारले नव्हते. फोन लावला तेव्हा कळले की अंबरनाथला त्यांची धाकटी बहीण आहे, गुडघ्यांमुळे घराबाहेर पडत नाही, आणि दोघींची गाठ अकरा वर्षांत पडलेली नाही. मुलाच्या योजनेत अंबरनाथ हे लोकलचे एक स्टेशन होते. खालांच्या मनात तीच मंजिल होती. मुलाची योजना आपल्याला चुकवून पुढे जाणार, हे त्यांना ठाऊक होते, पण मुलाचा हिरमोड नको म्हणून त्या गप्प होत्या.

योजना बदलली. अंबरनाथपर्यंत सव्वा तासाचा प्रवास, तेवढाच परतीचा, राखीव तास शाबूत ठेवून बहिणींना साडेतीन तास मिळाले. मुलाला मलंगगड दिसला तो दुरूनच. तो थोडा नाराज होता, आणि ती नाराजी खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. शिखराची ओढ ही वाईट गोष्ट नव्हे. ती नसती तर इब्न बतूताही पुत्तलमच्या किनाऱ्यावरूनच परतला असता. एकट्याचे तास असतील, तर माणसाने ते खुशाल डोंगराला द्यावेत.

पण सोबतीची माणसे असतील, तर त्यांचे तास ही आपल्याकडे ठेवलेली अमानत असते. म्हणून योजना परतीच्या वेळेपासून लिहायला घ्यावी. मागे फिरण्याची घटका पायथ्याशीच ठरवावी, कारण वर चढल्यावर मन शिखराच्या बाजूने वकिली करू लागते. सर्वांत हळू चालणाऱ्याच्या पावलाने अंतर मोजावे. आणि जो काही मागत नाही, त्याला आधी विचारावे. शाळेची सहल नेणारा प्रत्येक शिक्षक हे जाणतो. निघताना आणि परतताना तो मुले मोजतो, आणि दोन्ही आकडे जुळले तरच सहल झाली असे मानतो. दर रविवारी बदलापूरहून चंदेरीकडे निघणाऱ्या तरुणांनाही आमचे एवढेच सांगणे आहे. घरी कोणीतरी दाराकडे कान लावून बसलेले असते. किती वाजता परतणार, हे त्याला सांगून निघा, आणि शिखर शंभर पावलांवर राहिले तरी त्या वेळेला मागे फिरा.