खोट आणि खोटे

भूमध्य समुद्राकाठच्या खडकाळ उतारांवर एरिका आर्बोरिया नावाचे झुडूप वाढते. त्याच्या खोडाच्या व मुळांच्या सांध्याशी जी कठीण गाठ धरते, ती ब्रायर. उष्णता सहन करणारी आणि ओल शोषून घेणारी ही गाठ धूम्रपानाच्या पाइपसाठी उपयुक्त ठरली, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून फ्रान्समधील सां-क्लोद हे गाव या धंद्यामुळे नावारूपास आले. गाठ कापून तासन्‌तास उकळायची, महिनोन्‌महिने सुकवायची, आणि मगच कारागिराने हत्यार उचलायचे. तंबाखूचे अपाय आज निर्विवाद आहेत. त्यांचे समर्थन येथे अभिप्रेत नाही. प्रश्न कारागिराच्या नीतीचा आहे.

ही गाठ वाढताना वाळूचे कण, बारीक खडे पोटात घेते. बाहेरून निर्दोष वाटणारा ठोकळा कोरता कोरता, काम संपत आले असताना एखादा खळगा अवचित उघडा पडतो. सोपा उपाय म्हणजे त्यात लाकडाच्या रंगाची लांबी भरायची व वरून गडद रंग द्यायचा. वरवरचा लहानसा खळगा असा बुजवल्याने पाइपच्या उपयोगात सहसा फरक पडत नाही. मग ही लपवाछपवी दोषास्पद का मानावी?

कारण ग्राहक केवळ उपयोगाचे पैसे देत नाही. अखंड लाकूड आणि त्यावरील रेषांचे सौंदर्य यांचे मोल तो मोजतो, आणि त्याच्या हाती मात्र रंगवलेली लांबी पडते. तोच पाइप खोट सांगून कमी किमतीस विकला, तर त्यात काहीच गैर नाही.

आणखीही मार्ग आहेत. लंडनच्या आल्फ्रेड डनहिल यांनी 1917 च्या सुमारास वाळूच्या झोताने पृष्ठभाग खरवडण्याची पद्धत आणली. मऊ भाग झडून कठीण रेषा उठून दिसतात, लहान खळगे त्यात विरून जातात. कोपनहेगनचे सिक्स्टन इव्हार्सन (1910–2001) आधी आकार घडवीत, छिद्रे मागाहून पाडीत; त्यामुळे खोट दिसताच आकार बदलण्यास त्यांना वाव राही. ही लपवाछपवी नव्हे काय, अशी शंका कोणी घेईल. परंतु खडबडीत पाइप आपण गुळगुळीत असल्याचा आव आणीत नाही, आणि वळवलेल्या आकारात खोट उरतच नाही.

तरीही कधी कधी ठोकळा टाकूनच द्यावा लागतो, आणि त्याची किंमत कारागिराच्या घरखर्चातून जाते. प्रामाणिकपणाचा उपदेश करणाऱ्याने हे विसरू नये. निर्दोष वस्तू हवी, पण टाकलेल्या ठोकळ्यांचे मोल द्यायला नको, असे म्हणणारा ग्राहकच कारागिराच्या हाती लांबी देत असतो. लाकडातली खोट निसर्गाची. तिचे खोटे होते, तेव्हा त्यात घेणाऱ्याचाही वाटा असतो.